कर्ण्याला बांधलेली चिंधी

आबा,

मांडवीच्या धक्क्यावर तासभर गप्प उभं राहायला मला काय पडलं, तो हिशेब आधी सांगतो. धंदेवाल्या माणसाला दुसरीकडून सुरुवात करता येत नाही. फोन बंद ठेवला म्हणून पालीच्या एका लग्नाचं काम हातचं गेलं. मानेवरची कातडी उन्हाने सोलली. बाजारात माझं नवीन नाव पडलं, आणि ते आता मरेपर्यंत पुसणार नाही. पण हे सगळं किरकोळ. खरं पडलं ते निराळंच. तुमच्यावरचा माझा राग गेला. चाळीस वर्षं सांभाळलेला राग होता तो, नीट वाळवून बरणीत भरून ठेवलेल्या कोकमाच्या सोलांसारखा. कधीही झाकण काढावं, एक तुकडा तोंडात टाकावा, आंबटपणा पहिल्या दिवशीसारखाच. आता बरणी रिकामी आहे, आणि खरं सांगू का, थोडं चुकल्या-चुकल्यासारखं होतंय.

पण तासभर उभा होतो, आबा. तोंडातून हूं काढलं नाही, हाताने एक थाप मारली नाही. तुम्ही ज्याला म्हणाला होतात की याला थांबता येत नाही, तोच मी. मांडवीवर कुणालाही विचारा.

तुम्ही गेलात तेव्हा माझ्याकडे दोन कर्णे, ते वाजवायचं एक मशीन आणि उसनी सायकल होती. आज रत्नागिरीत माझी दोन गोदामं आहेत. मंडप, खुर्च्या, लाइट, साउंड, सगळं आपलं. पुढाऱ्याची सभा असो नाहीतर बारसं असो, 'हॅलो, माईक चेक' हे पहिले शब्द माझ्या माणसाचे असतात. शिक्षण म्हणाल तर तुम्ही पाहिलंत तेवढंच, पण कान मात्र देवाने पैसे न घेता दिलेत. माईक शिटी मारायच्या आधी मला कळतं की आता मारणार. वरच्या माळ्यावर झोपलेला असलो तरी खाली गोदामात कुठला पंखा घरघरतोय ते सांगतो. बायको म्हणते, "सगळ्या जगाचं ऐकू येतं, माझं तेवढं येत नाही." ते बायकांचं नेहमीचंच.

गोदामावरचा हॉल मी भाड्याने देतो. गेल्या वर्षी गणपती झाल्यावर एक बाई आल्या. पस्तिशीच्या असतील. आपल्याच बाजूच्या, पण मुंबईला चित्रकलेच्या कॉलेजात शिकलेल्या आणि तिथेच शिकवणाऱ्या. वडील आजारी म्हणून वर्षभर घरी आलेल्या. दर रविवारी सकाळी त्यांना वर्ग घ्यायचा होता. विषय काय, तर परफॉर्मन्स आर्ट, तिचा इतिहास आणि सराव. मी म्हटलं, "म्हणजे नाटक?" त्या म्हणाल्या, "नाटक नाही." "मग नाच?" "नाच नाही." "मग करता काय?" बाई हसल्या. म्हणाल्या, "बऱ्याचदा काहीच नाही. पण लोकांसमोर." मी धंद्याच्या सवयीने म्हटलं, दोन स्पीकर आणि एक कॉर्डलेस माईक देतो, हॉलच्या भाड्यातच. त्या म्हणाल्या, "आवाज नको." आबा, एवढ्या वर्षांच्या धंद्यात आवाज नको म्हणणारं गिऱ्हाईक मला पहिल्यांदा भेटलं. बघू तर खरं ही काय भानगड आहे, म्हणून पहिल्या रविवारी मी प्रोजेक्टर लावायच्या निमित्ताने मागच्या खुर्चीत बसलो आणि उठायचं विसरून गेलो.

कॉलेजची चार मुलं, सिव्हिलमधली एक नर्स, बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ, आणि मी. बाई भिंतीवर जुने फोटो दाखवत आणि सांगत. परदेशात मोठ्या लढाया होऊन गेल्यावर काही चित्रकारांना वाटलं की कॅनव्हास पुरत नाही. त्यांनी ब्रश खाली ठेवला आणि स्वतःचं अंगच कामाला लावलं. कुणी दिवसेंदिवस चालत राहिलं, कुणी लोकांच्या हातात कात्री देऊन स्वतः गप्प बसलं. आपल्या देशातही पुढे लोकांनी रस्त्यावर, स्टेशनात, गॅलरीत उभं राहून असलं काही केलं. मी विचारलं, "याला तिकीट किती असतं?" बाई म्हणाल्या, "बहुतेक वेळा नसतं." "मग पोट कशावर?" त्या म्हणाल्या, "त्याचंच उत्तर मी पण शोधतेय, शेट." मला त्या तिथेच आवडल्या. पैशाच्या प्रश्नाला लाजणारा मास्तर मला खोटा वाटतो.

तिसऱ्या की चौथ्या रविवारी मला राहवलं नाही. मी उठून म्हटलं, "बाई, राग मानू नका, पण हे तुम्ही परदेशातून आलेलं म्हणून सांगता ते आमच्या गावात शिमग्याला पिढ्यान्‌पिढ्या चालतं. आमच्याकडे संकासूर असतो." मुलं वळून बघायला लागली. मी रंगात आलो. सांगितलं, की पालखीबरोबर खेळे घरोघर फिरतात, त्यांत संकासूर असतो. काळा पायघोळ झगा, उंच टोकेरी टोपी, तोंडाला मुखवटा, छातीवर रुळणारी पांढरी दाढी, कमरेला घुंगरांचा पट्टा. एकदा मुखवटा बांधला की तो बोलत नाही. पोरं त्याला बघून आईच्या पदरात शिरतात आणि म्हाताऱ्या त्याच्यापुढे नवस बोलतात. मी तुमचं नाव न घेता तुमची चाल करून दाखवली. ते एक पाऊल टाकून दुसरं हवेत धरणं, मान आधी आणि अंग मागून वळवणं. टाळ्या पडल्या. नर्सबाई म्हणाल्या, "अगंबाई, काटा आला."

बाई मात्र टाळ्या थांबेपर्यंत थांबल्या. मग म्हणाल्या, "फार सुंदर. पण शेट, ते हे नाही. संकासुराच्या मागे देव आहे, पालखी आहे, मृदंग आहे. समोर गाव आहे, आणि गावाला माहिती आहे की हा कोण. आता तेच टोपी नसताना करा. मुखवटा नसताना. कुणी वाजवत नसताना. तुमच्या स्वतःच्या तोंडाने."

मी उभा राहिलो. पाय उचलला आणि खाली ठेवला. काय सांगू, आबा, सगळ्या रत्नागिरीसमोर बेधडक भाव सांगणारा मी, सात माणसांपुढे हात कुठे ठेवावेत ते मला कळेना. विनोद करून खाली बसलो. त्या दिवशी जेवताना मला तुमचा आवाज आला. कानात आला म्हणजे अगदी आला. "ज्याला थांबता येत नाय, त्यानं मृदंग गळ्यात घालू नये."

तो दिवस तुम्हाला आठवतो का, ठाऊक नाही. मला पायाखालच्या पालापाचोळ्यासकट आठवतो. मी एकविशीचा, तुमच्या हाताखालचा पोर. पावसाआधी तुमच्याबरोबर लोकांची कौलं परतायला येतो, आणि शिमग्यात मृदंग वाजवतो. तुम्ही कौलांवर चालता तेव्हा खाली घरात बसलेल्या माणसाला वर कोणी आहे हे कळत नाही. मी चढलो की बायका ओरडतात, "कोण रं तो रेडा?" तुम्ही म्हणता, "पाय ठेवायच्या आधी खालचं ऐक. खालची लाकडी रीप कुठं आहे ते कौल सांगतं. पोकळ वाजलं तर ठेवू नको." मी हसतो. मला वाटतं, कान माझे तुमच्याहून चांगले, हा म्हातारा मला काय ऐकायला शिकवणार. आणि मृदंगावर तर पाच गावांत माझ्यासारखा हात नव्हता, हे तुम्हीच एकदा कुणाला तरी सांगताना मी ऐकलं होतं.

मृदंगावर माझ्याआधी जो म्हातारा वाजवायचा तो त्या शिमग्याआधीच्या गणपतीनंतर वारला. त्याचाच मृदंग माझ्या गळ्यात आला. खेळे त्याच्या घरी पोचले ती उतरती दुपार. पालखी अंगणात टेकली, आरती झाली. काकी, म्हणजे त्याची बायको, पडवीच्या खांबाला धरून उभ्या. तुम्ही अंगणाच्या मधोमध आलात, दोन पावलं नाचलात आणि थांबलात. मान किंचित खाली. घुंगरू बंद. टाळवाल्याने हात आवरला. मी पण आवरला. तुम्ही नुसते उभे. काकी तुमच्याकडे बघतात. कोणी हलत नाही. फणसाच्या झाडावर कावळे तेवढे. मला वाटतं, आबा पाऊल विसरले. म्हातारे झाले. सगळं गाव बघतंय. एवढा वेळ रिकामा गेला तर हसं होईल. आणि माझा हात उठतो. धा. चांगली भरदार थाप, अंगण घुमवणारी. मागोमाग पूर्ण ठेका. तुम्ही एक क्षण तसेच राहता आणि मग नाचता, कारण वाजल्यावर संकासुराला नाचावंच लागतं. मी खुशीत मान वर करतो तर पडवीत कोणी नाही. काकी आत निघून गेलेल्या. दाराचा पडदा हलतोय.

पुढच्या घरी जाताना पाणंदीत तुम्ही सगळ्यांना थांबवलंत. मुखवटा बांधल्यावर बोलायचं नाही हा तुमचाच नेम, पण दाढी वर करून तुम्ही बोललात, चारचौघांत. "रिकामी जागा दिसली की तुझे हात शिवशिवतात काय रं? ज्याला थांबता येत नाय, त्यानं मृदंग गळ्यात घालू नये." मी म्हटलं, "आबा, तुम्ही चुकलात म्हणून मी सांभाळलं." तुम्ही म्हणालात, "मी चुकलो?" एवढंच. आणि दाढी खाली सोडलीत. टाळवाला फिदीफिदी हसला. मी तो मृदंग त्याच संध्याकाळी देवळात टांगला आणि परत कधी गळ्यात घातला नाही. माझं म्हणणं साधं होतं. मी तुमची लाज राखली आणि तुम्ही माझी काढलीत.

त्या रागावरच माझा धंदा उभा राहिला, हे आज हसत सांगतो. मला असं काहीतरी पाहिजे होतं, की जे वाजलं की कुणाच्या बापाने थांबवता येऊ नये. कर्णा म्हणजे तेच की. पहिले दोन कर्णे एसटीच्या टपावर बांधून गावात आणले तेव्हा निम्मा गाव गोळा झाला. मी शाळेच्या दगडी गडग्यावर कर्णा ठेवून रेकॉर्ड लावली, वरच्या वाडीपर्यंत ऐकू गेली. तुम्ही आलात. डोळे मिटून पूर्ण ऐकलंत. मग घरी जाऊन काहीतरी घेऊन आलात. माझ्या हातावर ठेवलंत. काळ्या कापडाची लांब चिंधी. संकासूर एका घरून दुसऱ्या घरी जाताना घुंगरांच्या पट्ट्यावर तुम्ही ती करकचून गुंडाळायचात, वाटेत फुकट वाजू नयेत म्हणून, आणि अंगणात शिरताना सोडायचात. "हे घे," तुम्ही म्हणालात. "तुझ्या कर्ण्याला बांध. वाटेत कामाला येईल." लोक खो खो हसले. मीही हसलो आणि मनात बरणीचं झाकण उघडून आणखी एक तुकडा आत टाकला. चिंधी हत्यारांच्या पेटीत गेली. पक्कड, टेप, टेस्टर, आणि तळाला ती. पेट्या बदलल्या, ती बदलली नाही. का ठेवली, ते मला विचारू नका. तुम्ही विचारणार नाही हे माहिती आहे म्हणून तर लिहितोय.

तर वर्ग. मी टोपी न घालता उभं राहायला शिकलो, हळूहळू. बाई हॉलच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत इतकं सावकाश चालायला लावत की माझ्यासारख्या माणसाला वाटावं, आता जेवणाची वेळ टळणार. एकमेकांकडे न बोलता बघत बसायला लावत. मी सुरुवातीला प्रत्येक वेळी हसलो. बँकवाल्या गृहस्थांच्या डोळ्यांत पाणी यायचं, ते म्हणायचे मोतीबिंदू आहे. मग एका रविवारी बाईंनी शेवटचा अभ्यास दिला. "तुमच्या हातात आयुष्यभर जे हत्यार आहे ते घ्या. लोकांत जा. आणि ते वापरू नका." नर्सबाई म्हणाल्या, "सुई." एक पोरगा म्हणाला, "मोबाइल," आणि सगळे हसले. बाई म्हणाल्या, "हसू नका, त्यालाच सगळ्यात कठीण जाणार." माझ्याकडे वळल्या. मी म्हटलं, "माझं हत्यार टेम्पोतून आणावं लागेल."

मांडवीचा धक्का मीच निवडला. रविवार, उन्हं अजून कडक, पण भेळवाले लागलेले आणि गर्दी जमत चाललेली. मी तो पहिला जुना कर्णा काढला. स्टँडवर चढवला, वायर जोडली, मशीन खाली ठेवलं, पण चालू केलं नाही. पेटीच्या तळातून तुमची चिंधी काढली. कापड विटलंय, पण घट्ट आहे. कर्ण्याच्या तोंडाला फडकं लावून त्यावरून चिंधी तीन-चार वेढे गुंडाळून गाठ मारली. हातात माईक घेतला आणि उभा राहिलो. बायको आली होती. "तुमच्या तोंडाला कुलूप लागतं हे बघायला येते," म्हणाली, आणि समोर कठड्यावर शेंगदाण्याची पुडी घेऊन बसली.

बाई सांगतात की भीती वाटली तर ती पण कामाचीच. मला वाटली. मला इथे सगळे ओळखतात. कर्णा आणि मी एकत्र दिसलो म्हणजे काहीतरी जाहीर होणार. भेळवाल्याने हाक मारली, "शेट, कुणाचं भाषण?" मी गप्प. "कोण गेलं काय?" मी गप्प. माझ्याच धंद्यातला एक दोस्त, बाजारात दुकान त्याचं, बायकापोरांसह फिरायला आलेला. तो हात कपाळाला लावून उभा राहिला. "काय शेट, लाइट गेली? जनरेटर पाठवू? भाडं नको, तुमची अवस्था बघवत नाही!" त्याची बायको हसली, आजूबाजूचे हसले. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. हळूहळू तो हसायचा थांबला. "पुतळा झाला रे ह्याचा," म्हणाला आणि निघून गेला. ते नाव तिथलंच.

मग हवालदार आला. कर्णा दिसला म्हणजे तो येणारच. "परवाना?" मी गप्प. बाई पुढे आल्या. म्हणाल्या, "साहेब, आवाज करणार असतील तर परवाना लागतो ना? हे करणार नाहीत." त्याने कर्ण्याकडे बघितलं, चिंधीकडे बघितलं, मशीनवर हात ठेवून गार असल्याची खात्री केली. "मग हे करतायत काय?" बाई म्हणाल्या, "ऐकतायत." हवालदार थोडा वेळ माझ्या बाजूला उभा राहिला. टोपी काढून घाम पुसला. "माझी बदली राजापूरला झाली," तो मला एकदम म्हणाला, जसं काही मी विचारलं होतं. "पोरीची दहावी आहे." आणि टोपी घालून गेला.

तेव्हा माझ्या लक्षात यायला लागलं. काही वाजत नव्हतं म्हणून मला किती ऐकू येत होतं. धक्क्याच्या खांबांना लाटा कशा लागतात, भेळेचा कागद कसा चुरगळतो, लांब मिरकरवाड्याकडे वळलेल्या बोटीचं इंजिन कसं एक ठोका चुकतंय. सगळं सगळं ऐकलं मी. माझ्यासारखे कान असलेल्या माणसाने एवढी वर्षं हे सगळं स्वतःच्याच मालाने झाकून ठेवलं होतं.

मग एक बाई आली. साठीची असेल, हातात रिकामी टोपली, मासे विकून घरी चाललेली. कर्ण्याभोवती एकदा फिरली. म्हणाली, "वाजत नाय ना हां?" मी गप्प. "नक्की नाय?" मी डोळ्यांनी नाही म्हटलं. "मग मी बोलतंय," ती म्हणाली, आणि माझ्या हातातला माईक स्वतःच्या तोंडाजवळ ओढून घेतला. माईक तिने सोडला नाही आणि मीही सोडला नाही. बंद माईकमध्ये ती बोलत राहिली, अगदी हळू, समुद्राकडे तोंड करून. ती कुणाशी बोलत होती ते मला पहिल्या वाक्यात कळलं. काय बोलली ते लिहीत नाही. ते तिने मला सांगितलं नव्हतं, मी फक्त तिथे होतो.

मध्येच ती थांबली. बराच वेळ थांबली. आणि माझ्या आत जुनं काहीतरी उठलं. बोला मावशी, मोठ्याने बोला, चालू करू का, पाणी देऊ का. काहीही, पण ही रिकामी जागा भरून काढू. शब्द जिभेवर आले होते, आबा. आणि त्याच वेळी मला पडवीचा तो खांब दिसला. काकींचा हात. त्या तुमच्याकडे बघत नव्हत्याच. त्यांची मान थोडी वाकडी होती, ऐकताना होते तशी. एवढी वर्षं ते चित्र माझ्या डोळ्यांपुढे होतं, आणि ती वाकडी मान मी बघितलीच नव्हती. त्या अंगणात दर शिमग्याला ज्याची थाप पडायची, तो त्या वर्षी नव्हता. तुम्ही पाऊल विसरला नव्हतात. तुम्ही त्याची थाप पडायची तेवढी जागा मोकळी ठेवली होतीत, आणि त्या तिथे तीच ऐकत होत्या. आणि त्या मोकळ्या जागेत, त्यांच्या घोवाच्याच मृदंगावर, मी माझी थाप मारली.

तुम्ही तेव्हाच हे सांगितलं असतंत तर? पण मग मी एकविशीत "बरं आबा" म्हटलं असतं आणि दुसऱ्या दिवशी विसरलो असतो. तुमचा हिशेब बरोबर होता, फक्त वसुलीला फार वेळ लागला.

ती बाई पुन्हा बोलली, चार शब्द, आणि माईक माझ्याकडे ढकलून म्हणाली, "बरा केलास." टोपली काखेत मारून गेली. तिच्यामागे बँकवाले गृहस्थ आले, कुणाला तरी माईकवर कचकचून रागावले आणि हलके होऊन घरी गेले. एका लहान पोरीने माईकमध्ये भू भू केलं. दोन कॉलेजची मुलं नुसतीच शेजारी उभी राहिली. ऊन उतरलं. बाईंनी खूण केली, मी गाठ सोडली.

पुढच्या रविवारी वर्गात बाई म्हणाल्या की या कलेचं मागे काही उरत नाही. चित्रासारखं भिंतीवर लावता येत नाही. घडतं आणि जातं. ज्यांनी बघितलं त्यांनी सांगितलं, तोच तिचा इतिहास. म्हणून प्रत्येकाने आपण आयुष्यात पाहिलेल्या एका माणसाबद्दल पानभर लिहून आणायचं, ज्याला लोकांसमोर उभं कसं राहायचं ते कळत होतं. मी पान घेऊन बसलो, तुमच्याबद्दल लिहायला, आणि बघतो तर मी तुम्हालाच लिहितोय. बाईंना वेगळं, नीटनेटकं पानभर लिहून देईन. झगा, टोपी, चाल, त्या घराच्या अंगणातलं ते थांबणं. हे कागद चिंधीबरोबर पेटीच्या तळाला जातील. तुम्हाला पोचवायला ना पत्ता ना टपाल, आणि तुम्हाला वाचता तरी कुठे येत होतं. बाई आता आणखी एक वर्ष राहणार आहेत, वर्ग वाढलाय, हॉल मी कमी भाड्यात दिला आहे. येत्या शिमग्याला गावी या म्हणून मी त्यांना सांगितलंय. तुमच्या घरातला एक नातू मुंबईहून येतो, मुखवटा बांधायला तयार आहे. फोनवर विचारत होता, "काका, पाऊल कसं टाकायचं ते दाखवाल?" मी म्हटलं, पाऊल नंतर. आधी कौलांवर चालायला शिकवतो.

एवढ्यावर संपवायचं होतं. पण एक गोष्ट वर लिहिली आहे ती तशीच राहायला नको. धक्क्यावरून टेम्पोकडे जाताना बायकोने विचारलं, "हात दुखत नाही?" मी म्हटलं, "माईक तो काय जड?" "तो नव्हे. डावा." "डाव्याला काय झालं?" ती शेंगदाण्याची पुडी चुरगळत म्हणाली, "तासभर मांडीवर वाजवत होतात की." मी म्हटलं, काहीतरीच बोलू नको. माझे कान आहेत, मला ऐकू आलं असतं. तिने बाईंच्या मोबाइलवरचं चित्रीकरण मागून घेतलं आणि माझ्यापुढे धरलं.

बोटं वाजत होती, आबा. मी उभा राहिल्यापासून गाठ सोडेपर्यंत. ती टोपलीवाली बाई बोलत होती तेव्हासुद्धा वाजत होती. फक्त हळू.